पाय म्हणजे काय

‘बाकी सगळं आमच्यावर सोडा’ असं जो म्हणतो, त्याच्यावर मी काही म्हणजे काही सोडत नाही. हा स्वभाव मला आईकडून मिळाला आणि नागपूरच्या इतवारी बाजारात तो पक्का झाला. भांडी घ्यायला ती मला सोबत न्यायची. दुकानदार म्हणायचा, ‘बाई, डोये मिटून घेऊन जा,’ आणि आई नेमकी त्याच वेळी डोळे आणखी मोठे करायची. पातेलं उचलून बोटाच्या पेरानं वाजवायची, बुडाला नख लावायची, झाकण चारही बाजूंनी फिरवून बघायची. दुकानदारानं चहा मागवला की तिचा संशय दुप्पट व्हायचा. कापडाच्या दुकानात तर ती काठाचा धागा ओढून काडीनं जाळायची आणि वास घेऊन सांगायची की यात सूत किती आणि लबाडी किती. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. माझं तोंड कधी पोळलं नाही. मी आईला फुंकताना बघितलं आणि फुंकायला लागले.

मी मिहानमधल्या एका कंपनीत दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळते. दिवसभर समोर एक काळी खिडकी असते, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या आणि यंत्रानं त्या पाळायच्या. या आज्ञा ऐकून घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. कोरा शेल अगदीच कोरडा असतो, म्हणून लोक त्याला प्लगइन जोडतात. एखादं प्लगइन अर्धी टाइप केलेली आज्ञा पुरी करून देतं, एखादं चुकलेली आज्ञा लाल करून दाखवतं. जगभरातले हौशी लोक ही प्लगइनं लिहितात आणि फुकट ठेवून देतात. ती आणायची, जागच्या जागी लावायची, नवी आली की जुनी बदलायची, हे सगळं करणारा जो असतो तो प्लगइन मॅनेजर. म्हणजे घरात येणारं सगळं सामान ज्याच्या हातून येतं, तो. आणि शेल ही काही व्हरांड्यातली जागा नाही. तिथेच मी पासवर्ड टाइप करते, तिथूनच ग्राहकांच्या सर्व्हरची दारं उघडतात. एवढ्या आतपर्यंत येणारा हा कोण, कोणाचा, हे मला कळायलाच हवं होतं.

आमच्या टीममध्ये ज्याचा त्याचा शेल वेगळा होता. एकाच्या मशीनवर दुसरा बसला की आंधळी कोशिंबीर. तेव्हा टीमच्या मॅडमनं ठरवलं की सगळ्यांनी एकच प्लगइन मॅनेजर वापरायचा, आणि तो मी निवडायचा.

ही मॅडम माझी कॉलेजातली मैत्रीण. दोघीही कुहीकडच्या, दोघीही एकाच बसनं नागपूरला शिकायला आलेल्या. पुढे तिची बढती होत गेली, माझी होत गेली नाही, पण त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण माणसं सांभाळण्यापेक्षा सर्व्हर सांभाळणं मला सोपं वाटतं. मीटिंगमध्ये ती मॅडम असायची आणि सगळं बोलणं इंग्रजीत चालायचं. दुपारी कँटीनमध्ये डबे उघडले की आमच्याकडच्या बायकांसारखी ‘गं’च्या जागी तीही ‘वं’ आणि मीही ‘वं’. ऑफिसात एवढं एकच माणूस होतं ज्याला मी कधी वाजवून बघितलं नव्हतं.

‘तूच निवड वं,’ ती म्हणाली होती. ‘तुयासारखं कीस काढणारं दुसरं कोणी नाही आपल्याकडे.’

‘आन् उद्या काही झालं तर?’

‘तर तुयं नाव सांगीन,’ असं म्हणून ती हसली, आणि मीही हसले.

पण ते खरंच होतं. निवडायचं म्हणजे सगळ्यांच्या दाराची चावी कोणाच्या हाती द्यायची ते ठरवायचं. काही उलटसुलट झालं तर पहिलं बोट माझ्याकडे वळणार. आमच्या धंद्यात नाव गेलं की सर्व्हरची परवानगी जाते, आणि परवानगी गेली की माझ्याकडे दाखवायला दुसरं काही उरत नाही. इतकी वर्षं ‘हिच्या हाती द्या, ही बघेल’ एवढ्याच बळावर मी तिथे बसलेली होते.

पहिला मॅनेजर सगळ्यात लोकप्रिय. त्याच्या पानावर वरच लिहिलेलं: ही एक ओळ कॉपी करा, शेलमध्ये पेस्ट करा, झालं. ती ओळ करते काय, तर इंटरनेटवरून एक फाइल आणते आणि आपल्याला न दाखवता चालवते. दारात अनोळखी माणूस बंद पेटी घेऊन उभा, आणि आपण म्हणायचं, या, थेट देवघरात ठेवा! मी ती फाइल वेगळी उतरवून घेतली आणि वाचायला बसले. वाईट काही सापडलं नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली. कारण आज वाचलेली फाइल आज चांगली असते. उद्या त्याच पत्त्यावर दुसरी ठेवली तर पेस्ट करणाऱ्याला कळणार कसं? शिवाय हा मॅनेजर अधूनमधून आपणहून विचारतो, नवं आलंय, घेऊ का? लोक हो म्हणून मोकळे होतात. नवं म्हणजे काय आलंय, हे कोणी विचारत नाही.

दुसरा फार चपळ. खिडकी उघडली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार. पण ज्यानं तो लिहिला त्यानं कंटाळून सोडून दिलेला आणि भलत्याच कोणीतरी चालवायला घेतलेला. या नव्या मालकाला नाव नव्हतं, टोपणनाव होतं, आणि फोटोच्या जागी मांजर होतं. मांजराशी माझं वैर नाही. पण ज्याला स्वतःचं तोंड दाखवायचं नाही त्यानं माझ्या घरात का यावं?

तिसरा छोटा आणि सुटसुटीत. एका बैठकीत वाचून झाला, आणि लिहिणाऱ्याचा हात स्वच्छ होता हे मान्य करावं लागलं. खोट एवढीच की कोणत्या प्लगइनची कोणती आवृत्ती ठेवायची हे बांधून ठेवायची सोय त्यात नव्हती. दर वेळी ताजं आणायचा. भाजी ताजी असावी. कोड मात्र थोडा शिळाच बरा, चार लोकांनी खाऊन बघितलेला.

माझ्या शेजारी जो बसतो तो पुण्याचा. लग्नानंतर बायकोच्या नोकरीपायी इकडे आला आणि उन्हाला शिव्या देत राहिला. मला ताई म्हणतो. पहिल्या, लोकप्रिय मॅनेजरसाठी तो माझ्या मागे हात धुऊन लागला होता.

‘ताई, अख्खं जग तो वापरतं. जग काय मूर्ख आहे का?’

‘जग नाही,’ मी म्हटलं, ‘पण फसायला जग कशाला लागतं, एक जण पुरे.’

त्याचा एवढा आग्रह का, हे मला खुपायला लागलं. इतका कळवळा माणसाला फुकट येत नाही. मी त्या मॅनेजरमध्ये आजवर कोणी कोणी हात घातलाय ते चाळत बसले, आणि त्या हजारो नावांत मला याचं नाव दिसलं! म्हणजे हा त्यांचाच माणूस! दुपारभर मी त्याच्याशी बोलले नाही. शेवटी राहवेना, तेव्हा खुर्ची वळवून सरळ विचारलं, तुझं नाव तिथे कसं?

तो लाजला. ‘त्यांच्या माहितीपत्रकात एक स्पेलिंग चुकलं होतं, ताई. मी दुरुस्त करून पाठवलं. त्यांनी घेतलं.’

मी जाऊन बघितलं. खरंच एक अक्षर बदललेलं होतं. तरीही माझं समाधान झालं नाही. जो आज एक अक्षर घालू शकतो तो उद्या दोन घालू शकतो, असं मला वाटत राहिलं, आणि त्याच्याकडे मी तेव्हापासून जरा तिरक्या नजरेनंच बघायला लागले.

शेवटी मी कोणालाच निवडलं नाही. जेवढं लागतं तेवढं स्वतः लिहिलं. माझा मॅनेजर बाहेर कुठे जात नव्हता. आम्ही वाचून पारखून ऑफिसच्या सर्व्हरवर जी प्लगइनं ठेवली होती, तेवढीच आणायचा, आणि जी आवृत्ती ठरली तीच. नवं आलं म्हणून हुरळून जायचा नाही. पुणेकर म्हणाला, ‘ताई, हा तर अगदी तुमच्यासारखाच झालाय.’ ती स्तुती होती की टोमणा, हे मी त्याला विचारलं नाही.

त्यातच मी आमच्या रोजच्या कामाचं एक छोटं प्लगइन घातलं. त्यात तीन आज्ञा होत्या. एक सर्व्हर काय करतोय ते समोर उलगडून दाखवायची. दुसरी, काही बंद पडलं तर ते का पडलं याचं कारण काढून द्यायची. तिसरी, धोक्याची घंटा उगाच वाजत राहिली की तिला थोडा वेळ गप्प करायची. या आज्ञांना नावं काय द्यायची हे कँटीनमध्ये ठरलं. मॅडमनं डब्यात पातोडीचा रस्सा आणला होता आणि ती खुशीत होती. पहिल्या आज्ञेला मी ‘बघ’ असं नाव द्यायचं ठरवलं होतं.

‘बघ काय ठेवून राहिली वं?’ ती म्हणाली. ‘आपण का पुण्याच्या आहो? पाय ठेव, पाय!’

आमच्याकडे बोलताना ‘पाहा’चं ‘पाय’ होतं. ‘पाय ना इकडे’ म्हणजे इकडे बघ ना. टांगेशी त्याचा काही संबंध नाही. मला ते नाव एकदम पटलं. सर्व्हरला दटावून सांगावं, ‘पाय!’, आणि त्यानं मुकाट्यानं दाखवावं. मग कारण विचारणाऱ्या आज्ञेला ‘काहून’ हे नाव तर ठरलेलंच होतं, आणि घंटेला गप्प करणारी झाली ‘चुप’. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो. टाइप करायला सोयीची म्हणून नावं रोमन अक्षरांत ठेवली. पी, ए, वाय. दिवसभर इंग्रजीत काम करणाऱ्या आम्ही दोघी, पण त्या तीन अक्षरांचं इंग्रजीत काय होतं ते एकीलाही दिसलं नाही. कँटीनमध्ये बसलो होतो, तिथे ती अक्षरं मराठीच होती.

संध्याकाळी मंजुरीचं बटण मॅडमनंच दाबलं.

टीमला त्या आज्ञा आवडल्या. पुणेकर तर सगळ्यांपेक्षा जास्त वापरायचा. काही अडलं की त्याची बोटं काहून, काहून करत बसायची. एकदा घरी बायकोला तो ‘पाय ना’ म्हणाला आणि तिनं त्याच्या पायाकडे बघितलं, असं त्यानं मला येऊन सांगितलं. मी हसले, पण मनात म्हटलं, हा आता लोणी लावतोय.

एका सकाळी मी नेहमीसारखी खिडकी उघडली तर एका ग्राहकाच्या सर्व्हरनं मला दारातच अडवलं. परवानगी नाही. पासवर्ड चुकला असेल म्हणून पुन्हा टाकला, पुन्हा तेच. हा ग्राहक म्हणजे दुकानांची ऑनलाइन पैशांची देवघेव सांभाळणारी, दुसऱ्या राज्यातली कंपनी. तिच्या सर्व्हरवर आम्ही काय काय टाइप करतो ते सगळं आपोआप नोंदलं जातं, आणि ते बरोबरच आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही नोंदलं असतं. थोड्याच वेळात मॅडमचा निरोप आला, मीटिंगरूममध्ये ये. निरोप इंग्रजीत होता.

पडद्यावर त्या कंपनीच्या सुरक्षा विभागातल्या बाई होत्या. दिल्लीकडच्या, शांत आवाजाच्या, आणि बघताक्षणीच मला कळलं की ही बाईसुद्धा पातेलं वाजवून घेणारी आहे. तिनं नोंदी समोर ठेवल्या. पे. पे. काहून. चुप. पुन्हा पे, काहून, चुप. दिवसातून कितीदा तरी, आणि सगळ्यात जास्त माझ्या नावावर.

‘पे समझ में आता है,’ ती म्हणाली. ‘चुप भी समझ में आता है. ये काहून कौन है?’

मला हसू आवरेना, आणि तिथेच हात दाखवून अवलक्षण झालं. ती बाई हसली नाही. तिच्या बाजूनं बघितलं तर हिशेब सरळ होता: पैशाच्या सर्व्हरवर कोणीतरी काहून नावाच्या माणसाला पैसे देतंय आणि मग चुप बसतंय. मी समजावून सांगितलं. पे नाही, पाय. पाय म्हणजे बघ. काहून म्हणजे का. ही आमच्या भागातली बोली आहे. बोलता बोलता मलाच जाणवलं की हे ऐकायला किती बनावट वाटतंय. पकडल्या गेलेल्या माणसानं घाईनं रचलेलं असावं, अगदी तसं.

त्यांच्या मुंबईच्या ऑफिसातला एक मराठी माणूस त्यांनी मुद्दाम मीटिंगला बसवला होता. बाईंनी त्याला विचारलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, उलट मदत करायचीच त्याची इच्छा होती.

‘मराठीत पाय म्हणजे लेग,’ तो म्हणाला. ‘बघणं म्हणजे पाहणं. आमच्यात म्हणच आहे ना, अंथरूण पाहून पाय पसरावे. बघा, एकाच म्हणीत दोन्ही शब्द आलेत. पाहणं वेगळं, पाय वेगळा.’

म्हणीनं सिद्ध झालं की मी खोटं बोलतेय! मी म्हटलं, आमच्याकडे तीच म्हण ‘अंथरूण पाहून’ अशीच म्हणतात, पण बोलताना पाय म्हणतात, म्हणजे दोन्ही पाय. मला वाटतं याच वाक्यानं माझं होतं नव्हतं तेवढंही गेलं.

‘कोड वाचा ना,’ पुणेकर मध्येच म्हणाला. त्यालाही बोलावलेलं होतं, कारण माझ्याखालोखाल नोंदी त्याच्या होत्या. ‘तीनच आज्ञा आहेत. त्यात पैशाचा संबंध कुठे आहे ते दाखवा.’

बाई म्हणाल्या, वाचला. आज त्या फाइलमध्ये काही वाईट नाही. पण नोंदी झाल्या त्या दिवशीही फाइलमध्ये हेच होतं कशावरून? ही फाइल वाटणारा मॅनेजरसुद्धा यांनीच लिहिलाय, आणि बाहेरच्या कोणीही तो तपासलेला नाही.

हे माझंच बोलणं होतं. आज वाचलेली फाइल आज चांगली असते, असं म्हणून मी जगाला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, आणि आता ही बाई तेच वाक्य घेऊन माझ्या दारात उभी होती. तिचं चुकत होतं असं मला आजही म्हणता येत नाही. ज्या मांजराच्या फोटोवर मी विश्वास ठेवला नव्हता, तसंच एक मांजर तिला माझ्या जागी दिसत होतं. कोड वाचून माणसाचा भरवसा येत नाही. त्यासाठी दुसऱ्या माणसानं तोंड उघडावं लागतं.

पुणेकरानं उघडलं. त्यानं इंग्रजीत स्वच्छ सांगितलं की पाय म्हणजे बघ, तो स्वतः रोज वापरतो, आणि इथे रस्त्यावर कोणालाही विचारा. बाईंनी विचारलं, तुम्ही कुठले? पुण्याचा. तुमच्या मराठीत हा शब्द आहे? नाही. मग तुम्हाला अर्थ कोणी सांगितला? त्यानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘ताईंनी.’ झालं. त्याची साक्ष तिथेच माझ्या खात्यात जमा झाली. ज्याच्यावर मी इतके दिवस डोळा ठेवून होते तो असा माझ्यासाठी घाम गाळत बसला होता.

मग बाई मॅडमकडे वळल्या. तुम्ही नागपूरच्याच ना? तुम्हाला हा शब्द माहीत आहे?

मी निवांत झाले. खरं सांगते, त्या सबंध मीटिंगमध्ये पहिल्यांदा मी खुर्चीला पाठ टेकवली. आता ती सांगणार, की बाई गं, हा शब्द तर मीच सुचवलाय. मी तिच्याकडे बघत होते. ती पडद्याकडे बघत होती. तिच्या हातात पेन होतं आणि ते ती टोपणात घालत होती, काढत होती. प्लगइनच्या मंजुरीखाली कोणाचं नाव आहे, हा पुढचा प्रश्न असणार हे तिलाही दिसलं असणार. तिच्या बढतीचं तेव्हा चाललेलं होतं, हे मला माहीत होतं.

ती इंग्रजीत म्हणाली की इथल्या स्थानिक बोलीशी तिचा फारसा परिचय नाही. घरी ते शुद्ध मराठी बोलतात. प्लगइनला मंजुरी तिनं दिली होती, पण नावांचा अर्थ तिनं विचारला नव्हता. ते तिनं पूर्णपणे माझ्यावर सोडलं होतं.

पुणेकर माझ्याकडे बघायला लागला. मी तरी काय बोलणार होते? कँटीनमध्ये पातोडी खाताना तू म्हणाली होतीस, असं? तिथे तिसरं कोणी नव्हतं. आणि रागाच्या आधी मला शरम वाटली, तिची नाही, माझीच. दुनियेच्या फाइली ओळ न् ओळ वाचल्या, आणि हिला मात्र आंधळी होऊन घरात घेतलं होतं.

निकाल लगेच लागला. चौकशी पुरी होईपर्यंत त्या ग्राहकाचीच नाही तर सगळ्याच सर्व्हरची माझी परवानगी काढली. माझा मॅनेजर सगळ्यांच्या मशीनवरून उतरवायचा. त्याऐवजी जगभर वापरला जातो असा, नावाजलेला एखादा बसवायचा, म्हणजे पुन्हा असे प्रश्न यायला नकोत.

ते काम पुणेकरालाच सांगितलं. तो एकेकाच्या मशीनवर बसत गेला. तीच ती एक ओळ, कॉपी आणि पेस्ट. कोणी वाचली नाही, कोणी वाचायला मागितलीही नाही. माझ्या मशीनपाशी आल्यावर तो थांबला.

‘ताई, फाइल आधी उतरवून देऊ? वाचून घेता?’

‘टाक रे,’ मी म्हटलं. ‘माझ्या खिडकीतून आता उघडतंय काय?’

त्यानं ओळ पेस्ट केली. पडद्यावर भराभर काहीतरी उतरत गेलं आणि शेवटी रंगीत अक्षरांत स्वागत आलं. तो उठला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. नंतर बऱ्याच वेळानं तो पाण्याची बाटली भरून घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवून गेला.

दुपारी मी कँटीनमध्ये गेले नाही. डबा तसाच ठेवून सुटायच्या वेळी खाली पार्किंगमध्ये आले. ऊन उतरलं होतं पण गाडीची सीट अजून चटके देत होती. मी तिच्यावर ओढणी टाकत होते, तेवढ्यात मागून सँडलचा आवाज आला. मॅडम होती. एकटीच. आजूबाजूला कोणी नाही हे तिनं आधी बघून घेतलं, मग जवळ आली आणि माझा दंड धरला, कॉलेजात धरायची तसाच.

‘नाराज नको होऊ वं,’ ती म्हणाली. ‘चार दिवसांत मिटते सारं. मी हाओ ना.’

मी ओढणी सारखी करत राहिले.

‘बोल ना काही! अशी काहून करून राहिली?’ तिचा आवाज ओला झाला होता, आणि मला वाटतं ते रडू खरं होतं. ‘पाय, माया तरी काय इलाज होता?’

काय बोलून गेली ते तिच्या लक्षातही आलं नाही. मी दंड सोडवून घेतला आणि गाडीला चावी लावली.

‘पायलं,’ मी म्हटलं.